भूकंपानंतरची दुरुस्ती : भिंतीवर काय लागले, भिंतीत काय गेले?

४ डिसेंबर २०२४, बुधवार. सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात ५.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचे हादरे गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरपर्यंत पोहोचले. त्या वेळी मी उमरेडच्या रस्त्यावर होतो. फजरच्या नमाजनंतर थोडी तिलावत, मग चहा आणि मग तासभर पायी फेरी, हा माझा बऱ्याच वर्षांचा नेम आहे. मला काहीच जाणवले नाही. चालत्या माणसाला एवढा हलका धक्का कळत नाही. घरी आलो तर घरची मंडळी दारात उभी. कोणी म्हणे पंखा हलला, कोणी म्हणे कपाटावरचे पातेले वाजले. शेजारच्या खाला म्हणाल्या, ‘‘खाणीतला सुरुंग असेल.’’ आमच्या गावाला कोळशाच्या खुल्या खाणीचा शेजार आहे. जमीन जरा थरथरली की आमच्याकडे पहिला संशय सुरुंगावर जातो.

माझे बांधकाम साहित्याचे दुकान आहे. सिमेंट, सळई, जाळी, पुट्टी, रंग असा माल. त्या दिवशी दुपारपर्यंत सात गिऱ्हाईके भिंतीला भेगा पडल्याचे सांगत आली. त्यांतल्या तीन घरी मी स्वतः जाऊन पाहिले. एका भेगेत कोळ्याचे जाळे होते. दुसरीच्या कडा धुराने काळवंडलेल्या होत्या. तिसरीत तर मागच्या रंगाचा थर आतपर्यंत उतरलेला दिसत होता. भेगा जुन्याच होत्या. लोकांनी त्यांच्याकडे त्या दिवशी पहिल्यांदा निरखून पाहिले, एवढेच. सातांपैकी पाच जणांनी पुट्टी मागितली आणि मी ती दिली. त्यांनी माल मागितला, मी माल दिला, पैसे घेतले. व्यापारात याला कोणी लबाडी म्हणणार नाही. पण रात्री वही लिहिताना हात थांबला. भूकंपानंतर लोक दुकानातून काय नेतात आणि त्यांच्या घराला काय लागते, हे दोन हिशेब जुळत नाहीत. हे मी तीस वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यात गल्लोगल्ली पायी फिरून पाहिले होते.

किल्लारीच्या पंचक्रोशीत

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,००० माणसे गेली. त्या काळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग पहिल्या पट्ट्यात, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या यादीत होता. १९९२ सालीही तिथे धक्के जाणवले होते, पण घरे जशी होती तशीच राहिली.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. वर्तमानपत्रांत फोटो आले ते या नव्या गावांचे, सरळ रस्त्यांचे आणि एकसारख्या घरांचे. पण आकड्याने मोठे काम दुसरेच होते. जी गावे जागेवरच राहिली, तिथली सुमारे दोन लाख घरे तेरा जिल्ह्यांत दुरुस्त आणि मजबूत करायची होती. या कामाला ‘दुरुस्ती व मजबुतीकरण’ असे सरकारी नाव होते. त्याचे फोटो कोणी फारसे काढले नाहीत. भिंतीच्या आत घातलेल्या सळईचा फोटो तो काय काढणार?

माझे अब्बा मिस्त्री होते. १९९५ च्या सुरुवातीला उमरेडहून आम्ही सहा जण औसा तालुक्यातील एका गावात या कामावर गेलो. चार मिस्त्री, दोन हाताखालचे. मी तेव्हा बावीस वर्षांचा. हजेरी लिहिणे, माल मोजून घेणे आणि गरज पडेल तेव्हा घमेले उचलणे हे माझे काम. त्या वर्षी रमजान फेब्रुवारीत आला. सहरीच्या वेळी शेजारच्या मावशी स्वतः उठून आमच्यासाठी चुलीवर पाणी तापवून ठेवत. त्यांचा एक नातू भूकंपात गेला होता. त्या याविषयी कधी बोलल्या नाहीत. आम्ही त्यांच्या घराची भिंत उघडली त्या दिवशी मात्र तिथून हलल्या नाहीत.

असरनंतर काम थांबायचे आणि मगरिबपर्यंत अब्बा गावातून फेरी मारायचे. मी सोबत. ही फेरी म्हणजे माझी शाळा होती. ते भिंतीजवळ उभे राहत, गालाला भिंत लागेल इतके जवळ जाऊन एका डोळ्याने तिच्या लांबीवरून पाहत आणि म्हणत, ‘‘हिला पोट आलंय.’’ मग मुठीने ठोकत. भरीव भिंतीचा आवाज वेगळा, पोकळ झालेल्या भिंतीचा वेगळा.

तिथल्या जुन्या घरांच्या भिंती अडीच-तीन फूट जाड. पाहणाऱ्याला वाटावे की हत्तीने धडक दिली तरी हलणार नाही. पण ती एक भिंत नव्हतीच. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा आणि मधल्या पोकळीत माती व दगडाच्या कपच्या. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड क्वचितच सापडे. वर माळवदाचे छप्पर. लाकडी खांब, तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा दीड-दोन फूट थर. दरवर्षी पावसाळ्याआधी गळती थांबवायला आणखी चार पाट्या माती टाकायची, असे पिढ्यान्‌पिढ्या चाललेले. उन्हाळ्यात घर गार राहायचे खरे. पण हलल्यावर दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, बाहेरचा बाहेर आणि आतला आत पडला. कित्येक घरांत लाकडी खण तसेच उभे राहिले होते, फक्त भोवतालच्या भिंती गळून गेल्या होत्या. लाकूडकाम करणाऱ्या जुन्या सुतारांचे अब्बांना फार कौतुक वाटे.

नवी खोली

फेरीत रोज एक गोष्ट डोळ्यांत भरायची. घराच्या अंगणात किंवा परसात नवी कोरी खोली. विटांच्या भिंती, वर स्लॅब, दाराला निळा किंवा हिरवा रंग. बरेच लोक दुरुस्तीचे अनुदान या खोलीतच घालत होते. आणि तिला लागूनच जुने घर, पोट आलेल्या भिंतींसह, माळवदावरच्या मातीसह, जसेच्या तसे. त्यात धान्याच्या कणग्या, चूल, बाळंतिणीची खाट. एका घरी नव्या खोलीत लोखंडी कपाट आणि लग्नाची भांडी ठेवून तिला कुलूप लावले होते आणि म्हातारी आई जुन्या घरात झोपत होती.

लोकांना हसण्यात अर्थ नव्हता. ज्या दगडाखालून आपल्या माणसांना बाहेर काढले, त्या दगडावर पुन्हा भरवसा कोण ठेवणार? सिमेंट पडत नाही, दगड पडतो, असे त्या भागात सर्वांच्या मनात बसले होते. शिवाय नव्या खोलीचे पैसे डोळ्यांना दिसतात. जुन्या भिंतीत घातलेला पैसा गिलाव्याखाली जातो. पाहुणा येतो आणि विचारतो, ‘‘घराचं काही केलं का नाही?’’

पण दोष नुसता लोकांचा नव्हता, आम्हा धंदेवाल्यांचाही होता. हे या पानाच्या वाचकांना सांगितलेच पाहिजे. दुरुस्तीत माल कमी खपतो आणि मेहनत जास्त लागते. नव्या खोलीला सिमेंटच्या पोत्यांची गाडी लागते, सळई लागते, विटा, रेती, गिट्टी, सेंट्रिंग सगळे लागते; जुनी भिंत शिवायला चार-सहा पोती आणि हाताने उचलण्याएवढे लोखंड पुरते. दुकानदाराचा नफा कुठे, हे सांगायला नको. ठेकेदाराचेही तेच. नवे काम फुटात आणि ब्रासमध्ये मोजता येते, दुरुस्ती कशात मोजणार? भिंत उघडल्याशिवाय आत काय निघेल हे कळत नाही, म्हणून बोली लावता येत नाही, रोजंदारीवरच करावी लागते. धूळ खावी लागते. मिस्त्रीला नाव मिळत नाही. म्हणून गिऱ्हाईक दुरुस्तीचे विचारायला आले तरी दुकानात, नाक्यावर, चहाच्या टपरीवर त्याला एकच सल्ला मिळायचा : ‘‘जुन्यात पैसा घालू नका, वर एक खोली काढा.’’

भिंत शिवण्याचे काम

मजबुतीकरणाची रीत काही अवघड नव्हती. भारतीय मानक संस्थेने दगडमातीच्या घरांसाठी आणि दुरुस्तीसाठी मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली ती नेमकी १९९३ सालीच. त्यांतल्या सूचना इंजिनियरांनी मिस्त्रींना समजावून द्यायच्या होत्या. पहिले काम माळवदावरचे ओझे उतरवण्याचे. मातीचा थर काढून वीतभर ठेवायचा आणि गळती थांबवायला त्याखाली प्लास्टिकचा कागद. दुसरे, भिंतीतून सांभाळून एक-एक दगड काढत आरपार छिद्र करायचे, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचे. जो लांब दगड आजोबा-पणजोबांनी घातला नाही, तो आता घालायचा. तिसरे, कोपऱ्यांवर जाळी ठोकून सिमेंटचा जाड गिलावा आणि दारा-खिडक्यांच्या वरच्या अंगाला घराभोवती सलग पट्टा. अब्बा गावकऱ्यांना बैलगाडीच्या चाकाचे उदाहरण देत. आरे, पाट्या कितीही चांगल्या असल्या तरी लोखंडी धाव चढवल्याशिवाय चाक चालत नाही. शेतकऱ्याला एवढे पुरे होई.

एका मिस्त्रीच्या हातून दिवसाला मोजकीच छिद्रे होत. घाईने केले तर भिंत अंगावर यायची. आणि घरमालक रोज विचारणार, ‘‘गिलावा कधी करता?’’ कारण गिलावा झाला की घर झाल्यासारखे दिसते.

अब्बांची एक अट होती. झाकण्याआधी घरच्या कोणीतरी येऊन मोजायचे. किती छिद्रे, किती सळया, जाळी कुठून कुठपर्यंत. ‘‘आम्ही सांगतो म्हणून मानू नका, बोट लावून मोजा,’’ असे ते म्हणत. पुरुष बहुतेक कंटाळा करीत. मोजायला येत त्या बाया. त्या कार्यक्रमात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावी महिला मंडळांतल्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ नेमले होते. शासनाची योजना लोकांना समजावणे आणि लोकांच्या अडचणी वर पोहोचवणे हे त्यांचे काम. आमच्या गावातल्या अशा एक बाई, पाचवी शिकलेल्या, हातात दोरीचे माप घेऊन येत. दोरीला गाठी मारलेल्या. एका गाठीपासून दुसऱ्या गाठीपर्यंत एक छिद्र दिसले पाहिजे. नाही दिसले तर त्या काही बोलत नसत, दोरी तिथेच धरून उभ्या राहत. पहिल्या आठवड्यात आमच्या मिस्त्रींना याचा राग आला. अब्बांना नाही आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतले ओले धान्य बाहेर काढले, तो प्रसंग आपल्या वाचकांना ठाऊक आहे. अब्बा म्हणाले, ‘‘या बाईंनी आपल्या ढिगात हात घातलाय. आत कोरडं असेल तर घाबरायचं कशाला?’’

आम्ही त्या गावात पाच महिने होतो. कमाई बेताची झाली. आमच्याच ओळखीची दुसरी टोळी नव्या खोल्यांचे काम करून चांगले पैसे घेऊन परतली.

उमरेडमधली एक भेग

१९९६ मध्ये मी दुकान टाकले. आता मुद्द्याची गोष्ट, आणि ती माझ्याच पदरची आहे.

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला. तिथे पडझड झाली, माणसे दगावली. धक्का नागपूर भागातही जाणवला. त्यानंतर चार-सहा दिवसांनी आमच्या मोहल्ल्यातले एक निवृत्त मास्तर दुकानात आले. त्यांचे घर मी ओळखत होतो. मागे मातीच्या भिंतींचे, कवेलूचे जुने घर आणि पुढे नंतर बांधलेल्या विटांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीच्या कोपऱ्यात छतापासून खालपर्यंत उभी भेग, बोट जाईल एवढी. मी जाऊन पाहिले. मुठीने ठोकले. आवाज पोकळ होता. दोन वर्षांपूर्वीच मी ही विद्या शिकून आलो होतो.

मास्तर म्हणाले, ‘‘काय करू? येत्या महिन्यात मुलीचं लग्न आहे. दिसायला नको एवढं करा.’’

मी त्यांना सिमेंट, थोडी बारीक रेती आणि रंग दिला. मिस्त्री पाठवला. लग्नाच्या मंडपात ती भिंत छान दिसली. मी त्यांना कोपरा उघडण्याविषयी एक शब्दही बोललो नाही. बोललो असतो तर दोन हजारांचा माल गेला नसता असे नाही, कदाचित जास्तच गेला असता. खरे कारण एवढेच की दुकान नवे होते, गिऱ्हाईक घाईत होते आणि हो म्हणणे सोपे होते.

ते घर माझ्या रोजच्या फेरीच्या वाटेवर आहे. दोन-तीन वर्षांत भेग पुन्हा दिसू लागली, त्याच जागी, तशीच उभी. मास्तरांनी पुन्हा भरून घेतली. ते वारल्यावर मुलाने घराला नवा रंग दिला, तेव्हा तिसऱ्यांदा भरली. प्रत्येक वेळी माल माझ्याच दुकानातून गेला. सत्तावीस वर्षे मी त्या भिंतीजवळून जातो आहे आणि मान दुसरीकडे वळवतो आहे.

फेरीत दिसणारी घरे

डिसेंबरच्या त्या धक्क्यानंतर मी फेरीला जाताना खिशात छोटी वही ठेवू लागलो. आपल्या गावाची घरे अब्बांच्या नजरेने पाहायची ठरवले. सर्वच भेगा भूकंपाच्या किंवा भीतीच्या नसतात, हे आधी सांगतो. उमरेडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया वरवरचा असेल तर भिंत तिच्याबरोबर वरखाली होते. अशी भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते. तिच्यावर काचेची एक पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी सिमेंटने चिकटवून तारीख टाकून ठेवावी. पट्टी तडकली तर भेग अजून चालती आहे, आणि चालत्या भेगेत पुट्टी भरणे म्हणजे पैसे पाण्यात. केसाएवढ्या, जाळ्यासारख्या पसरलेल्या चिरा बहुधा गिलाव्याच्या असतात. पाणी कमी मारल्याचा तो पुरावा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायरीपायरीने उतरणारी किंवा दोन भिंतींच्या मिळणीवर वरून खालपर्यंत गेलेली भेग मात्र दुकानदाराला विचारून भरण्याची नाही, जाणकाराला दाखवण्याची आहे.

मातीच्या भिंतींची घरे आता कमी झाली, पण गेली नाहीत. विटांच्या नव्या घरांत दुसराच प्रकार. खाली एक मजला बांधला तेव्हा वर काही चढवायचे ठरले नव्हते. मग मुलाचे लग्न झाले, वर खोली आली. मग पाण्याची टाकी. मग पुढे ओढलेला सज्जा आणि त्यावर कुंड्या. पाया तोच. २००२ च्या नकाशाप्रमाणे नागपूर जिल्हा दुसऱ्या, कमी धोक्याच्या क्षेत्रात येतो. किल्लारी त्याहूनही खालच्या क्षेत्रात होती, एवढे ध्यानात असू द्यावे.

मस्जिदीविषयी लिहावे की नाही याचा विचार करीत होतो. लिहितोच. चंदा गोळा होतो तो बहुधा टाइल्ससाठी, संगमरवरासाठी, नव्या मिनारासाठी. जुन्या छपरावर नवा मिनार चढवताना खालच्या भिंतीला ते ओझे झेपेल का, हे इंजिनियरला विचारून लेखी घेतल्याचे मी फार कमी ठिकाणी पाहिले. अहमदाबादच्या जामा मस्जिदीचे मिनार १८१९ च्या कच्छ भूकंपात कोसळले आणि अजूनही ती मस्जिद त्यांच्याविना उभी आहे. जुम्याला शेकडो लोक ज्या छपराखाली असतात, तिथे हा प्रश्न कमिटीच्या बैठकीत एकदा तरी यावा.

मिस्त्रींच्या पोरांनाही एक सांगणे. स्लॅब टाकणारे, टाइल्स बसवणारे हात आपल्या समाजात भरपूर आहेत. जुनी भिंत उघडून, टेका देऊन, सांभाळून शिवणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. जुनी घरे मात्र प्रत्येक गावात आहेत आणि ती सगळी पाडून नवी बांधण्याएवढा पैसा लोकांकडे नाही. हे काम शिकून घेतलेल्याला रोज मागून घेता येईल. ब्रासमध्ये मोजता येत नसेल तर छिद्रामागे दर ठरवावा, जाळीच्या फुटामागे ठरवावा. दर ठरला की गिऱ्हाईकही मोजायला लागते.

कोपरा उघडला

जानेवारीत एका सकाळी फेरी अर्ध्यावर सोडून मी मास्तरांच्या घराची कडी वाजवली. मुलगा बाहेर आला. त्याला मी १९९७ ची गोष्ट सांगितली, जशी होती तशी. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘चाचा, मग आता हे सगळं पाडून वर स्लॅबच टाकूया ना. सिमेंट तुमच्याकडूनच घेतो.’’

नफ्याचा सौदा समोर चालून आला होता. मी म्हणालो, आधी कोपरा उघडू, मग ठरव.

कोपऱ्याच्या दोन्ही अंगांनी हात-हातभर गिलावा काढला. आत तीन वेळचे भरण निघाले, तीन रंगांचे, एकाखाली एक. सर्वांत आतले माझे. ते खरवडल्यावर कारण दिसले. बाजूची भिंत समोरच्या भिंतीला नुसती टेकवलेली होती. बांधताना विटांचे दात सोडलेच नव्हते. दोन भिंती शेजारी उभ्या होत्या, त्यांचा एकमेकींशी संबंध नव्हता. पुट्टीचा डोंगर ओतला असता तरी त्या जुळल्या नसत्या. विटा मात्र चांगल्या होत्या, पायाही खचला नव्हता. पाडण्याची गरज नव्हती.

मिस्त्री आणि मी बसून काम ठरवले. छताला टेका. भेग धुऊन सिमेंटचे पातळ पाणी भरणे. दर काही थरांमागे दोन्ही भिंतींत खाचा घेऊन आठ मिलिमीटरची वाकवलेली सळई, एकूण सोळा. मग आतून-बाहेरून जाळी, आरपार तारेने बांधलेली. त्यावर एकास तीनचा गिलावा, दोन थरांत. दारावरच्या पातळीला खोलीभोवती जाळीचा पट्टा. सगळे मिळून सहा पोती सिमेंट. माल मी खरेदीच्या भावाने दिला. तेवढे तरी माझ्याकडे लागत होते.

सळया बसवून झाल्या त्या संध्याकाळी मिस्त्री म्हणाला, उद्या सकाळी जाळी मारून गिलाव्याला हात घालतो. मी मुलाला सांगितले होते की झाकण्याआधी घरच्यांनी मोजायचे. तो कामावर जाणारा, विसरला. दुसऱ्या दिवशी फेरीत त्यांच्या दारावरून जात होतो तर मास्तरांची सून उंबऱ्यात उभी. हातात मुलाची शाळेची पट्टी.

‘‘चाचा, सळया किती म्हणाला होतात?’’

‘‘सोळा.’’

‘‘मी दोनदा मोजल्या. चौदाच आहेत.’’

आत जाऊन पाहिले. वरच्या बाजूला, जिथे स्टुलावर चढल्याशिवाय दिसत नाही, तिथल्या दोन खाचा घेतल्या होत्या पण त्यांत नुसते सिमेंट भरले होते. मिस्त्रीला बोलावले. तो म्हणाला, सळई कमी पडली, दुकान बंद झाले होते, दोनने काय फरक पडतो. दुकान माझेच होते. मी जाऊन सळई घेऊन आलो. त्या खाचा पुन्हा फोडल्या, सळया बसवल्या. गिलावा दोन दिवस पुढे गेला आणि त्या दोन दिवसांची मजुरी कोणी द्यायची यावर थोडी कुरबुर झाली. अर्धी मिस्त्रीने सोडली, अर्धी मी दिली.

त्यानंतर दहा-बारा दिवस मी फेरीला जाई तेव्हा त्या कोपऱ्यावर ओली पोती टांगलेली असत आणि सून तांब्याने त्यांच्यावर पाणी मारत असे. रंग त्यांनी अजून दिलेला नाही. त्या पाच पुट्टीवाल्या गिऱ्हाइकांपैकी दोघांच्या घरी मी जाऊन आलो आहे. तिघांकडे जायचे आहे.